जुना अमेरिकन सॅम्पलर कसा तपासावा: पाठीपासून नावापर्यंत

सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या मुलींकडून कापडाच्या तुकड्यावर टाके, अक्षरे आणि आकडे गिरवून घेत. या तुकड्याला सॅम्पलर म्हणतात. पाच ते आठ वर्षांची मुलगी पहिला, साधा सॅम्पलर करी: मुळाक्षरे, एक ते दहा आकडे, एखादी नक्षीची पट्टी आणि खाली नाव. घरातल्या चादरी, टॉवेल आणि अभ्रे यांवर मालकिणीची आद्याक्षरे आणि क्रमांक घालता यावेत, हा त्यामागचा हेतू. पुढे घरची ऐपत असेल तर दहा ते सोळा या वयात ती एखाद्या बाईंच्या शाळेत जाई आणि घर, झाडे, मेंढ्या, पद्याच्या ओळी आणि वेलीची किनार असलेला दुसरा सॅम्पलर करी. तो फ्रेम होऊन बैठकीच्या खोलीत लागे.

असा सॅम्पलर हाती आला की नजर थेट नाव आणि साल यांवर जाते. तपासणीचा क्रम मात्र उलटा हवा. नाव आणि साल सुईदोऱ्याने मागाहून घालता येतात, उसवता येतात, बदलता येतात. कापडाची वीण, पाठीमागचे रंग आणि दोनशे वर्षांची दुमड यांत फेरफार करणे फार अवघड. म्हणून आधी कापड, मग दोरा, मग टाके, मग अक्षरे आणि सर्वांत शेवटी नाव.

फ्रेम उघडताना

लागणारे साहित्य थोडेच आहे: दहा पट मोठे दाखवणारे भिंग, कापडी मोजपट्टी, शिसपेन्सिल, स्वच्छ पांढरा सुती टॉवेल, चपट्या टोकाची पक्कड, लहान टॉर्च, कॅमेरा आणि जमल्यास ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. शाईचे पेन टेबलाजवळही नको. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका. त्यांचे तंतू भरतकामाच्या सुटलेल्या दोऱ्यांत अडकतात. मोजे हवेच असतील तर नायट्राइलचे घ्या.

फ्रेम टॉवेलवर पालथी ठेवा आणि काहीही सोडवण्याआधी पाठीचा फोटो घ्या. फ्रेम करणाऱ्याची चिठ्ठी, चिकटवलेले वर्तमानपत्र, पेन्सिलने लिहिलेले नाव, सगळे फोटोत आले पाहिजे. खिळे पकडीने सरळ मागे ओढून काढा. पेचकस घालून उचकटू नका; तो घसरला की थेट कापडात शिरतो. पाठीच्या फळ्या निघाल्या की त्या कोणत्या क्रमाने होत्या ते पेन्सिलने लिहून ठेवा.

आता दोन ठिकाणी थांबायची तयारी ठेवा. कापड काचेला चिकटलेले दिसले तर पुढे जाऊ नका. ओढले तर भरतकामाचा रेशमी दोरा काचेवर राहतो. आणि कापड लाकडी चौकटीवर बारीक खिळ्यांनी ताणून बसवलेले असेल तर ते चौकटीसकटच राहू द्या. खिळ्याभोवतीचे लिनन, म्हणजे जवसाच्या तंतूंचे कापड, गंजाने खाल्लेले असते, खिळा उपटताना कडेचा अख्खा तुकडा निघतो. दोन्ही बाबतीत काम वस्त्रसंवर्धकाकडे द्यावे.

जुनी फ्रेम, फळ्या आणि काच टाकून देऊ नका. १८०० नंतर रेशमी कापडावर भरलेल्या अनेक चित्रांच्या काचेला आतून काळा रंग देऊन त्यावर सोनेरी अक्षरांत मुलीचे नाव आणि साल लिहिलेले असते. कापडावर काहीच लिहिलेले नसले, तर ती काचच एकमेव पुरावा ठरते. साध्या फळ्यांचाही उपयोग होतो. लाकडातले आम्ल कापडात उतरते आणि दोन फळ्यांमधल्या फटीची रेघ, लाकडाच्या गाठी कापडावर तपकिरी डागांच्या रूपाने उमटतात. डाग आणि फळी जुळली तर ही जोडी फार काळ एकत्र आहे एवढे नक्की.

कापड

बहुतेक सॅम्पलर लिननवर आहेत. मोकळ्या जागी भिंग ठेवून एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोजा. एकाच जागी मोजून भागत नाही; निदान तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. हातमागाच्या कापडात दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात आणि धागा मध्येच जाड, मध्येच बारीक होतो. दोन्ही दिशांनी तंतोतंत सारखी, एकही गाठ नसलेली वीण म्हणजे कापड अलीकडचे असण्याची शक्यता मोठी.

ही मोजणी नक्षी पुन्हा भरणाऱ्यांनाही लागते. समजा, एका इंचात ३२ उभे आणि २८ आडवे धागे आहेत आणि फुलीचा टाका दोन-दोन धाग्यांवर घेतला आहे. ६० टाके रुंद आणि ६० टाके उंच असे घर त्या कापडावर ३.७५ इंच रुंद आणि साधारण ४.३ इंच उंच येते. तेच घर आजच्या ३० धाग्यांच्या समान विणीवर भरले की चार बाय चार इंच होते आणि मूळ घराची उभट ठेवण जाते. गोल फुलांच्या माळेत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. मूळ प्रमाण हवे असेल तर तशीच असमान वीण शोधावी, नाहीतर आलेख कागदावर उंचीच्या ओळी वाढवाव्या. दुसरा मार्ग आम्हाला कमी पसंत आहे, कारण त्यात मुलीने प्रत्यक्ष घातलेल्या टाक्यांची संख्या बदलते.

कडा नीट पाहा. विणीचा मूळ काठ कुठल्या बाजूला आहे त्यावरून उभे धागे कोणते ते कळते. बाकीच्या कडा बारीक दुमडून शिवलेल्या असतात आणि दुमडीच्या आत, जिथे उजेड पोचलेला नाही, तिथे कापडाचा मूळ रंग सापडतो. एखादी बाजू कापलेली, धागे सुटलेली असेल तर किनारीची नक्षी तिथे अर्धवट तुटते का ते पाहा. फ्रेममध्ये बसवण्यासाठी कडा कापण्याचा प्रकार पुष्कळ झाला आहे आणि कापलेल्या पट्टीबरोबर नाव, गावही गेलेले असते.

आकारावरूनही काळाचा अंदाज येतो. सतराव्या शतकातला सॅम्पलर लांब आणि अरुंद असतो, कारण तो नमुन्यांची गुंडाळी म्हणून शिवणाच्या पेटीत राहायचा. नक्षीच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक येतात. लोरा स्टँडिशने साधारण १६५३ च्या सुमारास केलेला असा सॅम्पलर मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत केलेल्या सॅम्पलरांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. अठराव्या शतकात तुकडा हळूहळू आखूड आणि रुंद होत चौरसाकडे झुकतो, चारही बाजूंनी किनार येते आणि मधली जागा चित्राला मिळते.

लिननखेरीज तीन कापडे ओळखता आली पाहिजेत. पहिले, गडद हिरवे किंवा निळसर हिरवे, ताणा लिननचा आणि बाणा लोकरीचा असलेले लिन्सी-वुल्सी. ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत विशेषतः न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत दिसते. त्याला कसर लागली की लोकर जाते आणि लिननचे उघडे धागे समांतर रेघांसारखे राहतात. दुसरे, पातळ जाळीदार लिनन गॉझ. ते पडद्यासारखे पारदर्शक असते आणि मागच्या पुठ्ठ्याचा रंग त्यातून दिसतो. तिसरे, बारीक विणीचे फिकट लोकरी कापड. हे इंग्लंडमध्ये फार चालायचे, त्यामुळे ते दिसले की सॅम्पलर इंग्लिश असण्याची शक्यता आधी तपासावी.

दोरा आणि रंग

सॅम्पलर उलटा करा आणि पुढची-मागची एकच जागा शेजारी-शेजारी पाहा. पुढे निळी दिसणारी पाने मागे हिरवी असतात. त्या काळी हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करत. वनस्पतींचा पिवळा रंग उजेडात उडतो, नीळ टिकते. पुढचा फिका गुलाबी मागे बहुधा चांगला लाल निघतो. मागची बाजूही पुढच्याइतकीच फिकी असेल तर दोनच शक्यता उरतात: तो कधीतरी धुतला गेला आहे किंवा दोरा मुळातच फिका, अलीकडचा आहे. धुतला असेल तर लाल आणि काळ्या दोऱ्याभोवती रंगाची पुसट झालर दिसते.

काळ्या आणि गडद तपकिरी रेशमाकडे वेगळे लक्ष द्या. हे रंग पक्के करायला लोहक्षार वापरत आणि ते लोह रेशमाचे तंतू कुजवते. म्हणून घराच्या चौकटी, मेंढ्यांचे पाय, माणसांचे डोळे, अक्षरांच्या काही ओळी गायब असतात आणि जागेवर सुईची भोके तेवढी राहतात. असा सॅम्पलर कुणी बिघडवलेला नसतो, त्याचे म्हातारपणच तसे असते. याउलट, बाकी सगळे रंग उडालेले आणि काळा दोरा मात्र तुकतुकीत, अखंड असेल तर त्या काळ्या टाक्यांबद्दल शंका घ्यावी.

भडक जांभळा किंवा झगझगीत किरमिजी रंग मागच्या बाजूलाही तसाच असेल तर सालाशी ताडून पाहा. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये सापडला आणि किरमिजी त्यानंतर लवकरच आला. १८१० साल घातलेल्या सॅम्पलरात असा दोरा असेल तर ते टाके तरी नंतरचे, नाहीतर साल तरी खोटे. नैसर्गिक जांभळेही होतेच, पण ते उजेडात तपकिरीकडे झुकतात.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत काही सेकंदच फिरवा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला. आजच्या कपड्यांत आणि साबणांत घातलेली शुभ्रक द्रव्ये त्या उजेडात निळसर पांढरी चमकतात. जुने लिनन मंद पिवळसर दिसते. अख्खा तुकडा चमकला तर तो आधुनिक साबणाने धुतलेला असू शकतो, तेवढ्यावरून नकली ठरवू नये. फक्त नाव किंवा फक्त एक आकडा चमकला तर मात्र तिथला दोरा नवा आहे.

टाके

फुलीचा टाका सर्वांत जास्त, पण तोही दोन तऱ्हांनी येतो: मोठी अक्षरे आणि चित्रे दोन धाग्यांवर, तर पद्याच्या बारीक ओळी एकाच धाग्यावर. भिंगातून फुलीचा वरचा पाय कोणत्या दिशेला झुकला आहे ते पाहा. प्रत्येक मुलीची एक सवय असते. लहान मुलींच्या कामात ती मध्येच चुकते, तरी एका ओळीत सहसा कायम राहते. नावाच्या ओळीत सगळे वरचे पाय उजवीकडे आणि उरलेल्या सॅम्पलरात डावीकडे असतील, तर नाव दुसऱ्या हाताने घातले असावे. ही खूण फोटोतही दिसते, म्हणून विकत घेण्याआधी नावाचा आणि मुळाक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागून घ्यावा.

छिद्राचा टाका म्हणजे चौकोनाच्या मध्यातून आठ किंवा सोळा दिशांना गेलेले टाके. दोरा ओढल्यामुळे मधे भोक पडते. मोठ्या मुळाक्षरांसाठी तो आवडता होता. साटिन टाका पाठीकडेही जवळजवळ पुढच्यासारखाच भरीव दिसतो. मागे दोरा वाचवून भरलेला साटिन असेल तर पाठीकडे आकाराच्या कडेने बारीक ठिपके तेवढे दिसतात. देठांना दांडी टाका, मेंढ्यांच्या लोकरीला गाठीचे टाके.

क्वीन स्टिच ओळखायला थोडा वेळ द्या, कारण तो फुली समजून आलेखात चुकीचा उतरवला जातो. एकाच वरच्या आणि एकाच खालच्या भोकातून चार उभे टाके घ्यायचे आणि प्रत्येकाला मध्यावर एका छोट्या आडव्या टाक्याने बांधत बाजूला सरकवायचे. चार टाक्यांचा मिळून एक फुगीर शंकरपाळा होतो. शंकरपाळ्यांच्या कोपऱ्यांवर भोके पडतात आणि पाठीकडे दोऱ्याची बरीच गर्दी होते. हा टाका दोरा आणि वेळ दोन्ही खातो. स्ट्रॉबेरी, गुलाब, टोपल्या अशा लहान जागांतच तो बहुधा असतो. तो भरताना दोरा हलकासा ओढला नाही तर भोके पडतच नाहीत आणि नक्षी सपाट दिसते. फार ओढला तर सैल विणीचे लिनन गोळा होते.

अक्षरे, वय आणि साल

मुळाक्षरांत जे आणि यू नसतील तर दचकू नका. जुन्या वळणात आय आणि जे, तसेच यू आणि व्ही यांना एकच अक्षर चाले. पण ही अक्षरे नाहीत म्हणून सॅम्पलर १८०० च्या आधीचाच, असेही धरू नये. शिक्षिका स्वतःच्या लहानपणचाच नमुना पुढे देत, त्यामुळे जुनी मुळाक्षरे एकोणिसाव्या शतकातही दिसतात. शब्दाच्या मध्ये एफसारखे दिसणारे अक्षर हे लांब एस असते. आडनाव वाचताना हा घोटाळा नेहमी होतो.

मजकूर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ द्या, चुकीचे स्पेलिंग आणि उलटी पडलेली अक्षरे तशीच ठेवा आणि गळालेले अक्षर चौकोनी कंसात लिहा. ‘अमुक माझे नाव, न्यू इंग्लंड माझा देश, तमुक गावी माझे घर आणि ख्रिस्त माझा तारणहार’ अशा अर्थाचे जुने यमकाचे कवन कित्येक सॅम्पलरांवर आहे. त्याची तिसरी ओळ शोधकामात फार मोलाची, कारण गाव तिथेच सापडते.

वयाची भाषा जपून वाचा. ‘वयाची ११ वर्षे’ आणि ‘वयाच्या ११ व्या वर्षात’ यांत एक वर्षाचा फरक आहे. १८०६ च्या सॅम्पलरवर ‘वयाच्या ११ व्या वर्षात’ असेल तर मुलीला दहा वर्षे पूर्ण झालेली होती, म्हणजे जन्म १७९५ किंवा १७९६ चा. १७९४ मध्ये शोधत बसलात तर ती सापडणार नाही.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत. १८०४ मधला पाचवा महिना म्हणजे मे. पण १७५२ च्या आधी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि क्वेकरांचा पहिला महिना मार्च असे. म्हणून १७४८ मधला पाचवा महिना म्हणजे जुलै. त्याच काळात जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना १७४०/४१ असे जोडसाल दिसते, ती चूक नव्हे.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांच्या कामात हृदयाभोवती ओ, ई, एच, बी, डी, डी, ई ही सात अक्षरे आली तर त्यांना घरच्या माणसांची आद्याक्षरे समजू नका. ‘हे उदात्त हृदया, आपल्या अंताचे स्मरण ठेव’ अशा अर्थाच्या जर्मन वचनाची ती पहिली अक्षरे आहेत.

गाव आणि शाळा

इथे सर्वाधिक चुका होतात. लिनन आणि रेशीम अमेरिकेत बाहेरून येई, म्हणून साहित्यावरून देश ठरत नाही. गावाच्या नावावरूनही लगेच ठरवू नये: बॉस्टन, प्लिमथ, चेस्टर, लँकेस्टर, रीडिंग ही नावे इंग्लंडमध्येही आहेत. मुलगी, तिचे आईवडील आणि गाव हे तिन्ही कागदपत्रांत एकत्र सापडले तरच अमेरिकन म्हणावे. निदान नक्षी तरी एखाद्या ओळखीच्या शाळेच्या गटाशी जुळावी.

हे गट खरेच ओळखता येतात, कारण चित्राचा आराखडा शिक्षिका आखून देई आणि तिच्या सगळ्या मुली तोच गिरवत. र्‍होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे मेरी बाल्च यांच्या शाळेत गावातल्या खऱ्या इमारती भरत: बॅप्टिस्ट प्रार्थनागृह, स्टेट हाउस, महाविद्यालयाची इमारत. इमारतीभोवती खांब आणि कमान, आजूबाजूला नटलेले स्त्रीपुरुष आणि अनेकदा पार्श्वभूमीही टाक्यांनी पूर्ण भरलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथल्या सारा स्टिव्हर्स यांच्या विद्यार्थिनींचे काम तर दुरूनच कळते: नागमोडी, सुरकुतलेल्या रेशमाचे लांबच लांब तिरके टाके घालून त्यांनी आकाश आणि गवत भरले आहे.

पेनसिल्व्हेनियातली वेस्टटाउन ही क्वेकर शाळा १७९९ मध्ये सुरू झाली. तिथले काम साधे असते: एकाच गडद रेशमाने भरलेले उतारे, पानांच्या वेलीची लंबगोल चौकट, रफूचे नमुने दाखवणारे सॅम्पलर, अष्टकोनी आणि अर्धे कापलेले भौमितिक पदक-आकार. रेशमी कापडावर रेखांश-अक्षांश भरून केलेले पृथ्वीगोलही याच शाळेतले. पण पदक-आकार दिसला की वेस्टटाउन, असे समीकरण करू नका. ही नक्षी इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या अ‍ॅकवर्थच्या क्वेकर शाळेत त्याआधीपासून होती आणि नंतर अमेरिकेतल्या इतर क्वेकर शाळांतही गेली.

श्रीमंत घरांतल्या गोऱ्या मुलींपुरते हे काम मर्यादित नव्हते. बाल्टिमोरमध्ये ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स या कृष्णवर्णीय नन्सच्या संघाने, १८२९ मध्ये स्थापना झाल्यावर, कृष्णवर्णीय मुलींना शिकवले आणि तिथले सॅम्पलर टिकून आहेत. चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीतल्या मुलींनी मिशन शाळांत केलेलेही आहेत. शाळेचे नाव असलेला असा तुकडा नक्षीने कितीही साधा असला तरी त्याची नोंद काळजीने व्हायला हवी, कारण त्या मुलींच्या हातचे दुसरे काही क्वचितच उरले आहे.

कागदपत्रांत शोधताना एक मर्यादा लक्षात ठेवा. अमेरिकेची जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. घरातल्या, गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव १८५० पासून येते. तोवर १८०६ मधली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या आडनावाने नोंदलेली असते. म्हणून न्यू इंग्लंडमधल्या गावांच्या जन्म-विवाह नोंदी, चर्चची दप्तरे, क्वेकर सभांची इतिवृत्ते आणि वडिलांचे मृत्युपत्र या वाटेने जावे. एकच नाव असलेल्या चुलतबहिणी एकाच गावात असतात. वय जुळले तरच पुढे जा.

खाडाखोड, भर आणि नक्कल

सालाचे शेवटचे दोन आकडे किंवा वय उसवलेले सॅम्पलर पुष्कळ आहेत. मोठेपणी आपले वय भिंतीवरून कळू नये म्हणून बायका ते आकडे काढत. उसवलेल्या जागी कापड आजूबाजूपेक्षा किंचित उजळ असते, सुईची भोके ओळीत राहतात आणि पाठीकडे दोऱ्याचे कुसळ सापडते. टॉर्च कापडाच्या पातळीत, एका बाजूने तिरका धरला तर भोकांच्या सावलीतून आकडा वाचता येतो. वाचा, लिहून ठेवा; पुन्हा भरू नका.

कुटुंबाच्या जन्म-मृत्यूंची यादी असलेल्या सॅम्पलरांत शेवटच्या तारखा वेगळ्या दोऱ्याने किंवा शाईने असतात. ती फसवणूक नाही, घरच्यांनी प्रामाणिकपणे घातलेली भर आहे. फसवणूक म्हणजे बिननावाच्या तुकड्यावर अमेरिकन गाव घालणे किंवा इंग्लिश गाव उसवून जागा रिकामी ठेवणे. पैसा हेच कारण. न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन काउंटीमधला मेरी अँट्रिमचा १८०७ चा सॅम्पलर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. बहुतेक सॅम्पलर त्या किमतीच्या आसपासही जात नाहीत, पण गावाच्या नावाने किंमत कितीतरी पट चढते हे विकणाऱ्याला माहीत असते.

चहाच्या पाण्याने जुनाट केलेला नवा तुकडा दुमडीत पकडला जातो. खरे जुनेपण सारखे नसते: फ्रेमच्या खोबणीखालची कड फिकी, मधला भाग गडद, टाक्यांखालचे कापड उजळ. नकली तुकड्यात पुढे, मागे, दुमडीच्या आत, टाक्यांखाली एकच तपकिरी छटा असते आणि दोराही त्याच छटेत बुडालेला असतो.

जपणूक

धुवू नका. डाग कितीही वाईट दिसला तरी नाही. लिनन पाण्यात फुगते, रेशीम वेगळ्या प्रमाणात फुगते आणि नैसर्गिक लाल, काळा रंग केव्हा सुटेल ते आधी सांगता येत नाही. धूळ काढायची असेल तर कडा शिवलेली बारीक फायबरग्लास जाळी सॅम्पलरवर पसरा आणि व्हॅक्यूमची ओढ अगदी कमी करून, नळी जाळीच्या वर धरून हळू फिरवा. रेशमाचे धागे उभे राहिलेले किंवा तुटलेले दिसले तर तेवढी जागा सोडा.

पुन्हा फ्रेम करताना गोंद, चिकटपट्टी, स्टेपल यांपैकी काहीही कापडाला लागू देऊ नका. सॅम्पलरपेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठा आम्लमुक्त पुठ्ठा घ्या. त्यावर पातळ सुती फ्लॅनेल आणि त्यावर खळ काढण्यासाठी गरम पाण्यात धुतलेले, सॉफ्टनर न लावलेले सुती कापड ताणून बसवा. सॅम्पलर वर ठेवून उभे-आडवे धागे सरळ करा. कडा सरळ करायच्या मागे लागू नका, त्या मुळातच वाकड्या असतात. वक्र सुई आणि बारीक सुती किंवा रेशमी दोरा घेऊन वरच्या बाजूच्या मध्यापासून सुरू करा, तीन-चार मिलिमीटरचे टाके सुमारे एक सेंटिमीटर अंतराने, दुमडीतूनच. सुई धाग्यांच्या मधल्या भोकातून गेली पाहिजे, धाग्यातून नव्हे. दोरा नुसता टेकेल इतकाच ओढा. कापडावर टाक्याची खळी पडली तर तो सैल करा. कापड स्पर्शानेच कडकड तुटत असेल तर हे काम घरी करू नये.

काच आणि भरतकाम यांत निदान सहा मिलिमीटर जागा सोडा. अतिनील किरण अडवणारी काच चांगली. साध्या अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि सुटलेले रेशमी तंतू त्याकडे ओढले जातात.

उजेडाचा हिशेब एकूण मात्रेचा असतो; उजेड लक्स या एककात मोजतात. ५० लक्स उजेडात रोज आठ तास, वर्षभर ठेवलेल्या सॅम्पलरला जेवढा उजेड मिळतो, तेवढा ५०० लक्सच्या भिंतीवर साधारण ३७ दिवसांतच मिळतो, आणि खिडकीजवळ ५०० लक्स सहज असतात. वर्षातले काही महिने फ्रेम अंधारात ठेवणे हा सोपा उपाय. बाहेरची भिंत, शेकोटीच्या वरची जागा आणि स्नानघराची भिंत टाळा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर हवी.

लोकरीच्या दोऱ्यात किंवा लिन्सी-वुल्सीत कसर दिसली, म्हणजे बारीक जाळे, वाळूसारखी विष्ठा, कुरतडलेले टाके, तर औषध फवारू नका. सॅम्पलर आम्लमुक्त टिश्यूत सपाट ठेवून पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे २० अंश सेल्सियसला निदान एक आठवडा ठेवा. रंगवलेले चेहरे असलेली रेशमी चित्रे मात्र गोठवू नयेत, रंगाला तडे जातात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. थंड कापडावर हवेतले पाणी जमते आणि रंग पसरतात. उघडल्यावर मऊ ब्रशने विष्ठा झाडून जागा नोंदवा आणि पुढचे काही महिने दर पंधरा दिवसांनी त्याच जागा भिंगाने तपासा.